ठसका

सुमित्राबाई मानकर घाबरल्या, असं नागपुरात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. वीजबिलांच्या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी काढली. बिल जास्त आलं म्हणून तावातावाने आलेला माणूस त्यांच्या चष्म्यावरून आलेल्या एका नजरेत आवाज खाली आणायचा. नवरा गेला तेव्हा भेटायला आलेल्यांना चहा त्यांनीच विचारला, आणि हंबरडा फोडणाऱ्या नणंदेला "पुरे आता, तुझं ब्लडप्रेशर वाढेल" म्हणून गप्पही त्यांनीच केलं. बाई कठोर नव्हत्या. फक्त त्यांचा एक समज पक्का होता. वाईट गोष्ट तोंडाने बोलायची नाही. बोललं नाही की ती आपोआप विरते, आणि बोललं की घरात मुक्काम ठोकते. आयुष्यभर या समजाने त्यांना साथ दिली होती, निदान त्यांना तसं वाटत होतं.

आणि याच बाई आता अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, मुलाच्या घरात, सोळा वर्षांच्या नातीच्या खोलीबाहेर हातात दुधाचा पेला घेऊन उभ्या राहायच्या आणि दार वाजवायला कचरायच्या.

नकुल, त्यांचा एकुलता एक मुलगा, शिकायला म्हणून शिकागोला आला, नोकरीला लागला आणि आईला विचारायच्या आधीच लग्न ठरवून मोकळा झाला. मुलगी ग्रासिएला. शेजारच्या ऑरोरा गावात वाढलेली, आईवडील मेक्सिकोतून आलेले, दातांच्या दवाखान्यात कामाला. सुमित्राबाईंनी फोनवर दोनच प्रश्न विचारले होते: देवाला मानतात का, आणि घरात मोठ्यांना वर तोंड करून बोलतात का? गंमत अशी, की ग्रासिएलाच्या आईने, ऑफेलियाबाईंनीही लेकीला हेच दोन प्रश्न विचारले होते. दोन्ही उत्तरं समाधानकारक आली आणि लग्न लागलं, एकदा चर्चमध्ये आणि एकदा नागपुरात. नवरा गेल्यावर सुमित्राबाई कायमच्या इकडे राहायला आल्या.

अनया ही दोन्ही घरांतली एकुलती एक नात. गणपतीत मराठी मंडळाच्या लेझीमपथकात ती पुढे असायची आणि सप्टेंबरातच ऑरोरात मेक्सिकन घेरदार झगा घालून नाचायची. गणितात हुशार, वागायला गोड. "आमच्यावर गेली आहे," असं सुमित्राबाई म्हणायच्या, आणि ऑफेलियाबाई त्यांच्या भाषेत बहुधा तेच म्हणायच्या. दृष्ट लागावी अशी पोर.

फेब्रुवारीत या पोरीने जीव द्यायचा प्रयत्न केला. इथे हे सरळच सांगितलेलं बरं, कारण त्या घरात ते कुणीच सरळ सांगत नव्हतं. त्या दिवशी दुपारी सुमित्राबाई खाली टीव्हीसमोर मटार सोलत बसल्या होत्या. नकुल घरून काम करत होता म्हणून त्याला वर जायचं सुचलं, म्हणून पोर वाचली. दारात लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, शेजारी बर्फात येऊन उभे राहिले, आणि सुमित्राबाईंच्या मांडीवर मटारचं ताट तसंच होतं. जिना एवढासा. मला काहीच कसं ऐकू आलं नाही? हा प्रश्न त्या स्वतःला रोज विचारत होत्या. दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती.

हॉस्पिटलमधून अनया घरी आली तेव्हा घर बदललेलं होतं. औषधाच्या गोळ्या, अगदी सुमित्राबाईंच्या शुगरच्यासुद्धा, कुलपात गेल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही. भेंडी चिरायची तर सुनेकडे किल्ली मागायची. सुमित्राबाईंनी त्यावर उपाय म्हणून हाताने मोडता येतील अशाच भाज्या करायला सुरुवात केली, आणि महिनाभर ते घर पालेभाज्या आणि शेंगांवर जगलं. बाथरूमच्या दाराची कडी नकुलने स्वतः काढून टाकली. पोरीला एकटं सोडायचं नाही असं ठरलं होतं. सकाळी नकुल, दुपारी सुमित्राबाई, संध्याकाळी ग्रासिएला. सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. कुणी काही विचारत मात्र नव्हतं. बोलायचं झालंच तर "ते झालं तेव्हा" आणि "तेव्हापासून", एवढंच.

मंडळातल्या नीलांबरीचा फोन आला. "काकू, अनया प्रॅक्टिसला दिसली नाही. ऑल ओके ना?"

"काही नाही ग, व्हायरल आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "वीकनेस फार आलाय."

"अय्यो. मी सूप आणून देऊ का?"

"नको नको. पसरतं ते."

फोन ठेवून वळल्या तर अनया फ्रिजपाशी उभी होती. तिने पाण्याची बाटली उचलली आणि वर गेली.

दर गुरुवारी ऑरोरात एका दवाखान्यात मुलींचा गट भरायचा. अशाच, "ते" होऊन वाचलेल्या मुली. बहुतेक मेक्सिकन, ग्वाटेमालन, पोर्तोरिकन घरांतल्या. गाडी ऑफेलियाबाई चालवायच्या, कारण नकुल आणि ग्रासिएला कामावर असत आणि सुमित्राबाईंना गाडी येत नव्हती. त्या मागच्या सीटवर नातीशेजारी बसायच्या. मग गट संपेपर्यंत दोघी आज्या बाहेरच्या खुर्च्यांवर शेजारीशेजारी, दोघींच्या मांडीवर पर्स, आणि मध्ये एक रिकामी खुर्ची. सुमित्राबाईंचं इंग्रजी कचेरीतलं, ऑफेलियाबाईंचं बाजारातलं. दोन वाक्यांत विषय संपायचा. न बोलण्याचं खरं कारण वेगळंच होतं. दोघींच्याही मनात एकच शंका होती: पोरीला हे दुसरीच्या घराकडून आलं असेल.

अनयाला तो गट आवडायचा. एकदा ती नकुलला म्हणाली, "तिथे मला काही एक्सप्लेन करावं लागत नाही, बाबा. तिथली एक मुलगी, इत्झेल, म्हणाली, माझी आजी म्हणते, प्रार्थना कमी पडली. आणि सगळ्या हसल्या. आम्ही सगळ्या. सगळ्यांच्या आज्या तेच म्हणतात."

सुमित्राबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांना वाईट वाटलं. निम्मं रक्त तर आपलं आहे, मग हसायला तिला तिकडेच का जावं लागतं?

गटाची समुपदेशक रेनाटा नावाची एक तिशीतली मुलगी होती. मार्चमध्ये तिने घरच्यांना आत बोलावलं. अनया बाहेरच थांबली. रेनाटा आधी इंग्रजीत बोलली, मग ऑफेलियाबाईंसाठी स्पॅनिशमध्ये, आणि नकुलने आईसाठी मराठीत सांगितलं.

"ती म्हणतेय, तिला सरळ विचारा. आज मरावंसं वाटतंय का, असं. त्याच शब्दांत."

सुमित्राबाई खुर्चीत ताठ झाल्या. "काय बोलून राहिली ही? पोरीसमोर असं अशुभ बोलायचं?"

"आई, ती म्हणतेय विचारल्याने डोक्यात काही जात नाही. उलट लपवायचं ओझं कमी होतं. रिसर्च आहे त्यावर."

"रिसर्च तिच्या घरी. मी नाही विचारणार."

त्याच क्षणी पलीकडे ऑफेलियाबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि जोरजोरात मान हलवली. भाषा न कळताही दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींकडे पाहून एकमताने तोंड वाकडं केलं. रेनाटाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "विचार करा," एवढंच म्हणाली.

हे एकमत फार टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात सुमित्राबाई अनयाची खोली झाडत होत्या. व्हॅक्युमवर त्यांचा विश्वास नव्हता. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेला झाडू घेऊन त्या पलंगाखाली वाकल्या, आणि झाडू काचेच्या पेल्याला लागला. पेल्यात पाणी, आणि पाण्यात फोडलेलं कच्चं अंडं. बलक खाली, पांढरे धागे वर तरंगताहेत.

पोरीच्या पलंगाखाली अंडं! नागपुरात चौकात ठेवलेली हळदकुंकवाची लिंबं त्यांनी कधी ओलांडली नव्हती. हे त्यातलंच. करणी. आदल्या संध्याकाळी ऑफेलियाबाई आल्या होत्या, खोलीचं दार लावून पोरीजवळ बसल्या होत्या, काहीतरी पुटपुटल्याचा आवाज आला होता. आता सगळा उलगडा झाला. असं कोवळं, हुशार, सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारं लेकरू स्वतःहून असं करेलच कसं? कुणीतरी केलं होतं. आणि कुणी केलं तेही आता दिसत होतं.

खरं सांगायचं तर बाईंना हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना बोट दाखवायला जागा मिळाली होती. त्यांनी पेला नाकाला पदर लावून मोरीत ओतला, वर उकळतं पाणी ओतलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. सून त्याच आईची मुलगी. मुलगा हसला असता. जे करायचं ते आपणच.

गुरुवार दुपार ठरवली. अनया अर्धाच दिवस शाळेत जायची, जेवून वर जायची, आणि ऑफेलियाबाई न्यायला येईपर्यंत घरात दोघीच असायच्या. सुमित्राबाईंनी डेव्हनवरच्या सुक्या लाल मिरच्या काढल्या, मूठभर जाडं मीठ, मोहरी. वर जाऊन दार वाजवलं. आज त्यांच्या हातात दुधापेक्षा भक्कम काहीतरी होतं, म्हणून दार वाजवायला धीर आला.

"अनू, दोन मिनिटं उभी राहा बेटा. पूर्वेकडे तोंड कर."

"आजी, मी होमवर्क करतेय."

"दोन मिनिटं ग."

अनया उभी राहिली. लहानपणी प्रत्येक वाढदिवसाला ती अशी उभी राहायची, तेव्हा खिदळायची. आता तिने डोळे मिटून घेतले. सुमित्राबाईंनी तिच्यावरून मूठ ओवाळली, आल्यागेल्याची, घरातल्याची, दारातल्याची दृष्ट असं ओठातल्या ओठात म्हटलं, आणि आज त्यात "त्या बाईची" अशी भर घातली. पोरीचा चेहरा इतक्या जवळून त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिला. किती वाळली होती. त्यांना रडू फुटायला आलं, पण त्या वळल्या आणि खाली गेल्या.

आता मिरच्या विस्तवात टाकायच्या. विस्तव कुठून आणणार? गॅसवर लोखंडी तवा चांगला लाल होईपर्यंत तापवला आणि मूठ त्यावर रिकामी केली.

या कामात एक खूण असते, ती सुमित्राबाईंना त्यांच्या आईने शिकवलेली. दृष्ट कडक लागलेली असेल तर मिरच्या कितीही जळोत, ठसका लागत नाही. सगळा तिखटपणा दृष्टच खाऊन टाकते. आणि ठसका लागला, तर दृष्ट नव्हतीच.

मोहरी तडतडली. मीठ फुटलं. मिरच्या काळ्या झाल्या आणि असा धूर उठला, की सुमित्राबाईंना खोकल्याची ढास लागली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, श्वास घेता येईना. वरून अनयाच्या खोकल्याचा आवाज आला. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि खोकत राहिल्या, आणि खोकताखोकता त्यांना उमगलं. ठसका लागला होता. असा लागला होता, की आयुष्यात कधी लागला नव्हता. म्हणजे दृष्ट नव्हतीच. कुणी काहीच केलं नव्हतं.

तेवढ्यात छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. एक, मग जिन्यातलं, मग वरचं. सुमित्राबाई टॉवेल हलवू लागल्या, तवा गॅसवरून सिंकमध्ये ढकलला, खिडकी उघडली. फोन वाजत होता, तो यंत्रांच्या गोंगाटात त्यांना ऐकूच आला नाही. अलार्मवाल्या कंपनीचा फोन होता. उत्तर आलं नाही म्हटल्यावर त्यांनी आपलं काम केलं. थोड्याच वेळात सायरन ऐकू आला, आणि समोरच्या खिडकीच्या पडद्यावर लाल दिवे फिरायला लागले.

तेच लाल दिवे. दारात तीच मोठी गाडी. समोरच्या घरातली बाई तशीच कोट घालून बाहेर आली होती.

वर एक दार धाडकन आपटलं.

दारात आलेला अग्निशमन दलाचा उंच माणूस "मॅम, एव्हरीबडी सेफ?" असं विचारत होता. सुमित्राबाईंनी त्याला हाताने स्वयंपाकघर दाखवलं आणि जिना चढल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना त्या एकेक पायरी थांबून चढायच्या. आज कशा चढल्या त्यांनाच ठाऊक. खोली रिकामी. बाथरूमचं दार बंद.

"अनू!"

उत्तर नाही.

त्यांनी दार ढकललं. कडी तर नकुलने काढून टाकली होती, तरी दार हलेना. पुन्हा ढकललं. यंत्रं अजून किंचाळत होती. सुमित्राबाई दोन्ही तळव्यांनी दार बडवायला लागल्या. "अनू, बोल ग! बेटा, बोल ना काहीतरी!"

यंत्रं एकदम थांबली. त्या शांततेत दाराच्या पलीकडून, अगदी खालून, धाप लागल्यासारखा श्वास ऐकू आला. पोर दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. म्हणून दार हलत नव्हतं.

"आजी," आतून आवाज आला. "आर दे हिअर फॉर मी?"

"नाही ग. माझ्यासाठी आलेत. मी मिरच्या जाळल्या."

"व्हॉट?"

"दृष्ट काढत होते तुझी. धूर झाला."

आतून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे सुमित्राबाईंना कळलं नाही. त्या बाहेर जमिनीवर बसल्या. दाराला त्यांनीही पाठ टेकली. मध्ये फक्त लाकूड.

खाली गलका झाला. ऑफेलियाबाई आल्या होत्या. गल्लीत लाल गाडी पाहून त्यांनी आपली गाडी कशीतरी फुटपाथवर चढवून सोडली होती, आणि त्या माणसाला बाजूला सारून जिना चढत होत्या, "मिहा, मिहा" करत; म्हणजे "लेकी, लेकी". वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुमित्राबाईंनी मघाशी त्याच चेहऱ्याची लागलेली म्हणून दृष्ट उतरवली होती. त्यांनी तो आता पाहिला. आपण मघाशी दार बडवताना असेच दिसलो असू, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी ऑफेलियाबाईंचा हात धरून खाली ओढलं, दाराकडे बोट दाखवून म्हटलं, "ओके. शी इज ओके. सिट." त्या मटकन खाली बसल्या.

"अबुएला पण आलीय?" अनयाने आतून विचारलं. आजीला ती तिकडच्या भाषेत तसंच म्हणायची.

"आलीय."

"गुड. मला दोघींना सांगायचंय." ती आधी स्पॅनिशमध्ये काही बोलली, मग मोडक्या मराठीत, मधे इंग्रजी. "आजी, तू मिरच्या जाळते. अबुएला माझ्या अंगावरून एग फिरवते आणि ग्लासमध्ये फोडते. सेम थिंग. तिला पण वाटतं मला कोणाची तरी नजर लागली. यू बोथ आर लुकिंग फॉर हू डिड इट. कोणी नाही केलं. मी केलं."

सुमित्राबाईंनी ऑफेलियाबाईंकडे पाहिलं. त्या दोन्ही हात मांडीत धरून ऐकत होत्या.

"सगळे मला बघतात," आतून आवाज येत राहिला. "ऑल डे. पण कोणी विचारत नाही. तू फोनवर सांगितलं व्हायरल. ॲम आय अ व्हायरस, आजी? पसरते मी?"

"नाही ग..."

"मला आधी पण नव्हतं सांगता आलं. एकदा मी म्हटलं, मला बरं नाही वाटत, आतून. तू म्हटलं, काय कमी आहे तुला? अबुएला म्हणाली, बी स्ट्राँग. मी दोन्ही घरांची गुड थिंग आहे ना. मग मी कोणाला सांगणार?"

काय कमी आहे तुला. सुमित्राबाईंना ते वाक्य आठवत नव्हतं, पण आपणच म्हटलं असणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शब्द त्यांचेच होते. त्यांना फार वाईट वाटलं. उत्तर द्यावं, समजूत घालावी, "तसं नव्हतं ग म्हणायचं" असं म्हणावं, हे सगळं घशाशी आलं. पण खाली स्वयंपाकघरातून अजून मिरच्यांचा उग्र वास येत होता, आणि तो वास त्यांना सांगत होता, की बाहेर कुणीही नाही. दाराच्या आत जी बसली आहे, तिलाच विचारायला हवं.

रेनाटाचे शब्द त्यांना आठवत होते. विसरायचा खूप प्रयत्न करूनही आठवत होते. त्यांनी कपाळावरचा घाम पदराने पुसला. खिडकीमागे बसून जगाला सुनावणाऱ्या बाईला पाच-सहा शब्द बोलायला इतका वेळ लागला, की ऑफेलियाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अनू," त्या म्हणाल्या. "तुला आत्ता... मरावंसं वाटतंय का?"

सुमित्राबाईंना वाटलं, झालं, बोलून बसलो आपण. आता हे घर सोडणार नाही.

"आत्ता नाही," अनया म्हणाली. अगदी साध्या आवाजात, होमवर्क झाला का विचारल्यावर सांगावं तसं. "मघाशी सायरन वाजला तेव्हा खूप भीती वाटली. बट नॉट दॅट. मंगळवारी वाटत होतं. थोडं."

मंगळवारी सुमित्राबाईंनी तिला गरम पोळी वाढली होती. ती "यम्मी" म्हणाली होती. समोर बसून डोळ्यांत तेल घालून पाहूनही काही दिसलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाही."

दार हळूच उघडलं. अनयाचे डोळे धुराने आणि रडण्याने लाल झाले होते. ती दोघींच्या मध्ये, त्या एवढ्याशा पॅसेजमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसली. खालून त्या उंच माणसाने हाक मारली, सगळं ठीक आहे ना, आम्ही निघतो. सुमित्राबाईंनी वरूनच, बिलांच्या खिडकीतल्या आवाजात, "येस, थँक यू, सॉरी," असं सुनावलं. ऑफेलियाबाई एकदम हसल्या, आणि हसताहसता हुंदके देऊन रडायला लागल्या. त्या दिवशी गटाला त्या उशिरा पोचल्या. जाताना सुमित्राबाई पुढच्या सीटवर बसल्या.

संध्याकाळी नकुल घरी आला. "आई, यार, फायर ट्रक? काय केलंस तू?" इथपासून सुरुवात झाली. तो चिडला, आणि ते बरोबरच होतं. पोरीला त्या लाल दिव्यांसमोर पुन्हा उभं केलं म्हणून. सुमित्राबाईंनी बाजू मांडली नाही. मंगळवारचं सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ हाताने डोळे झाकून राहिला. ग्रासिएलाने रेनाटाला फोन लावला. मग अनयाला बोलावलं, आणि चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या विषयावर पहिल्यांदा बोलले. फार बोलले नाहीत. पोरीने मुद्द्याचं सांगितलं: रोज विचारा. मी हो म्हटलं तर ओरडू नका, रडू नका, देवाचं करू नका. माझ्याजवळ बसा. मग आईला किंवा रेनाटाला फोन करा.

"कोण विचारणार?" नकुलने विचारलं.

"मी," सुमित्राबाई म्हणाल्या. "सकाळी. चहाच्या वेळी."



दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. पहिले काही दिवस प्रश्न तोंडातून निघताना चहा बशीत सांडायचा. विचारून झाल्यावर त्या पाठ करून मनातल्या मनात रामाचं नाव घ्यायच्या. देवाचं करू नका म्हटलं होतं ते पोरीसमोर, असा त्यांनी सोयीचा अर्थ लावला होता. हळूहळू सवय झाली. दूध संपलं का, आज जॅकेट घालणार का, आणि मरावंसं वाटतंय का, हे तिन्ही प्रश्न त्या एकाच आवाजात विचारू लागल्या. "नाही," अनया टोस्ट चावत म्हणायची. कधी, "नाही, आजी, पण मॅथ टेस्टमुळे वाटेल बहुतेक," असं म्हणून हसायची. सुमित्राबाईंना असल्या विनोदाचा संताप यायचा आणि त्या तो गिळायच्या. नीलांबरीचा पुन्हा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हायरल नव्हतं ते. आजारी आहे पोर, मनाने. बरी होते आहे. सूप आण." नीलांबरीने घाईघाईने फोन ठेवला. सूप मात्र आलं.

बरी होते आहे, हे त्यांनी रोजच्या "नाही"च्या जोरावर म्हटलं होतं. प्रत्येक "नाही"बरोबर त्यांना वाटायचं, विरत चाललंय. जुना समज असा सहजी जात नाही.

एप्रिलात, बर्फ पूर्ण गेल्यावर, एका सोमवारी बाहेर लख्ख ऊन होतं. मागच्या अंगणात सुमित्राबाईंनी मेथी पेरली होती, ती उगवली होती. अनया जिना उतरून आली, केस विंचरलेले, दप्तर खांद्याला, चेहरा रोजच्यासारखा. नकुल गाडी काढायला गेला होता. गॅसवर चहा होता, दुसऱ्या शेगडीवर पोहे. सुमित्राबाईंनी शेंगदाणे घालताघालता, न वळता विचारलं.

"दूध घेतलंस? आणि मरावंसं वाटतंय का आज?"

त्या वळल्या. अनया टेबलाच्या कडेला नखाने टोकरत होती.

"थोडं," ती म्हणाली. "आज थोडं वाटतंय."

पोहे करपायला लागले होते. सुमित्राबाईंना हंबरडा फोडावा असं वाटलं, पोरीला कवटाळावं असं वाटलं, काय कमी आहे तुला असं ओरडावं, असंसुद्धा वाटलं.

त्यांनी दोन्ही गॅस बंद केले. खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या.